स्वप्ना कोकरे आणि कापलेला ग्राफ

स्वप्ना कोकरेला किळस कशाची येते आणि कशाची येत नाही, याचा मेळ वस्तीवरच्या बायकांना कधी लागला नाही. धारूरच्या किल्ल्यापलीकडं, बालाघाटाच्या उतारावर त्यांची चार घरांची वस्ती. पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर सडायचे, तेव्हा बापाच्या मांडीला मांडी लावून ही पोर खूर दाबून पू काढायची, औषध भरायची आणि हात राखेनं घासून तशीच भाकरीला बसायची. पण चुलत्याला डेअरीच्या दुधात पाणी ओतताना तिनं एकदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरचा चहा तिच्या घशाखाली उतरला नाही. चुलती प्रेमानं कप पुढं करायची, हिला उमळून यायचं.

"हिचं नाक वासाला न्हाई लागत," तिची आई कडूबाई म्हणायची. "माणसाला लागतंय. नांदायला गेल्यावर कसं व्हायचं हिचं?"

नांदायला ती गेलीच नाही. शिकायला गेली. धारूरला बारावी, अंबाजोगाईला बीएस्सी, मग विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स. तिथंच पीएचडीला नंबर लागला. बापानं, म्हणजे हरिबानं, कधी आडकाठी केली नाही. मेंढरामागं चालताना कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर तो सांगायचा, "लई बारीक गोष्टीवर शिकतीय. डोळ्याला दिसतच न्हाई इतक्या बारीक." विचारणारा हसायचा, मग हरिबाही हसायचा.

गोष्ट खरीच बारीक होती. काही पदार्थ असे असतात, की त्यांचा कागदाहून कितीतरी पातळ, दोन-चार अणूंच्या जाडीचा पापुद्रा काढता येतो. अशा पापुद्र्यात इलेक्ट्रॉन कसे वागतात, हा स्वप्नाचा विषय. त्यातही त्यांची गिरकी. पुस्तकी मराठीत तिला कोनीय संवेग म्हणतात. इलेक्ट्रॉनला दोन तऱ्हेच्या गिरक्या असतात. एक त्याची अंगची, जन्माबरोबर मिळालेली. दुसरी, अणूच्या गाभ्याभोवती तो जो घुमतो त्याची. जुनी पुस्तकं सांगत आली, की घन पदार्थात शेजारपाजारचे अणू इतकी ओढाताण करतात की ही दुसरी गिरकी मरून जाते, सबब ती सोडून द्या, अंगची तेवढी मोजा. कित्येक वर्षं तसंच चाललं. मग लोकांच्या ध्यानात यायला लागलं, की ती मरत नाही. वीज सोडली की ती पापुद्र्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं वाहतेसुद्धा. उद्याची यंत्रं कदाचित तिच्यावरच चालतील.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण ही दुसरी गिरकी मोजायची कशी, यावर नवा पेच पडला. सोपी रीत अशी: प्रत्येक अणूभोवती एक कुंपण घाला, कुंपणाच्या आत जेवढं घुमणं आहे तेवढं मोजा, आणि सगळ्यांची बेरीज करा. कुंपणाच्या बाहेर, एका अणूकडून दुसऱ्याकडं हिंडताना इलेक्ट्रॉन जे वळसे घेतो, ते हिशेबात धरायचेच नाहीत. गणित झटपट सुटतं, उत्तर देखणं येतं.

स्वप्नाचे गाईड डॉ. आदिनाथ वायभट यांचं सगळं नाव या सोप्या रीतीवर उभं होतं. माणूस मूळचा वडवणीकडचा. आपल्या जिल्ह्याची म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी तिला लेकीसारखं वागवलं. हॉस्टेलची खोली मिळवून दिली, आजारी पडली तेव्हा बायकोला डबा घेऊन पाठवलं. स्वप्नानं हे कधी नाकारलं नाही. नंतर जे झालं त्यात हाच काटा तिला जास्त सलला. धड वाईट माणूस असता तर थुंकून मोकळी झाली असती.

तिसऱ्या वर्षी तिनं अवघड रीतीनं, कुंपण काढून, एका पापुद्र्याचा पुरा हिशेब करून पाहिला. सरांनी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच वाटलं, की बघावं तरी सोडलेला भाग केवढा आहे. विद्यापीठाचा संगणक आठवडेच्या आठवडे फिरत राहिला. उत्तर आलं तेव्हा तिनं ते परत करायला लावलं. परत तेच आलं.

ग्राफच्या डाव्या बाजूला दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. जुनी रीत, नवी रीत, फरक नाही. पण पापुद्र्यात इलेक्ट्रॉनांची भर घालत उजवीकडं सरकलं, की रेघा फाटायला लागत. आणि आणखी पुढं तर एक वर जात होती, एक शून्याच्या खाली. म्हणजे जुनी रीत म्हणत होती की गिरकी या कडेला वाहते, आणि पुरा हिशेब म्हणत होता, त्या कडेला.

ती प्रिंट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. तिच्या मनात भीती नव्हती, खरं तर आनंदच होता. काहीतरी हाताला लागलं होतं.

वायभट सरांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद पाहिला. माणूस हुशार. त्यांना एका नजरेत कळलं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसलं.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही, सर."

"छान. डावीकडचा भाग फार सुंदर आलाय. दोन्ही रीती जुळतात हे पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या स्वच्छ दाखवतंय." त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघा फाटायच्या जरा अलीकडं एक उभी खूण केली. "ग्राफ इथं थांबव."

"पण सर, पुढंच तर..."

"पुढं कुणाला जायचंय? एवढे इलेक्ट्रॉन प्रयोगात कोण भरणार आहे?"

"भरतात सर. आता भरतात."

"स्वप्ना," सर मऊ आवाजात म्हणाले, "लागेल तेवढंच दाखवणं म्हणजे खोटं बोलणं नाही. आपण काय आकडे बदलतोय का? एकही आकडा बदलत नाही. आधी डिग्री घे. मग तुझ्या नावानं हवं ते कर. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

बाहेर आल्यावर तिला जाणवलं, की तोंडात आंबट पाणी सुटलंय. चुलत्याच्या घरी सुटायचं तसंच.

पेपर सरांनीच पाठवला. लेखकांत पहिलं नाव तिचं, ग्राफ पेन्सिलीच्या खुणेपाशी कापलेला. छापणाऱ्यांची मेल आली, की तुम्ही यातल्या लेखिका आहात आणि यातला मजकूर तुम्हाला मान्य आहे, तर इथं दाबा. ती मेल तिनं उघडली, बंद केली, परत उघडली. थिसिस लिहून होत आला होता. घरी आई स्थळांची नावं मोजत होती. हिनं डोळे मिटून 'मान्य' दाबलं आणि मोबाईल गादीखाली सारला.

पेपर छापून आला. सरांनी पेढे वाटले. मित्रमैत्रिणींनी अभिनंदन केलं, आणि प्रत्येक अभिनंदनाला तिचं अंग शहारायचं. दुसऱ्याची किळस आली तर माणूस त्याच्यापासून दूर जाऊ शकतो. आपलीच आली तर जायचं कुठं? तिला आरशात बघवेना. मेसचं जेवण तेच, पण प्रत्येक घासाला काहीतरी कुजल्याचा वास यायला लागला. मैत्रीण म्हणाली, डॉक्टरकडं चल. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या.

त्या उन्हाळ्यात वडवणीहून तात्यासाहेबांचा निरोप आला. तानाजीराव ऊर्फ तात्यासाहेब म्हणजे तिथल्या एका शिक्षण संस्थेचे मालक. तसं कागदावर ते अध्यक्ष, पण मालक हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी. त्यांनी आपल्या कॉलेजात 'क्वांटम व नॅनो संशोधन केंद्र' काढायचं ठरवलं होतं. उद्घाटनाला वायभट सर प्रमुख पाहुणे, आणि जिल्ह्याची कन्या म्हणून स्वप्ना कोकरेचा सत्कार. केंद्रात तिला कायमची नोकरी द्यायचं सर आणि तात्यासाहेब यांचं आधीच ठरलं होतं.

"कायमची!" सर फोनवर म्हणाले. "लोक तासिका तत्त्वावर म्हातारे होतात. तुला ताटात वाढून आलंय."

कार्यक्रमाला हरिबा आला. धुतलेलं धोतर, नवा पटका, पायताणाला तेल लावलेलं. तात्यासाहेबांच्या माणसांनी त्याला पहिल्या रांगेत, कापडी कव्हराच्या खुर्चीवर बसवलं. जन्मात कधी त्याला असं कुणी बसवलं नव्हतं. वडवणीच्या बाजारात मेंढरं विकायला आला की तो भिंतीच्या सावलीला उकिडवा बसायचा. खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेला बाप स्वप्नाला स्टेजवरून दिसत होता.

त्याआधी तिला केंद्र दाखवण्यात आलं होतं. ताज्या रंगाचा वास मारणारी एक खोली. संगणकांची खोकी अजून फोडलेली नव्हती. मध्ये टेबलावर थर्माकोलचा अणू, चंदेरी रंग मारलेला, आणि त्याच्याभोवती तारेच्या कड्यांत ओवलेले इलेक्ट्रॉन, सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे. भिंतीवरच्या फ्लेक्सवर रॉकेट, पृथ्वी, तात्यासाहेब हात जोडून, त्यांच्या बाजूला वायभट सर, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोतून उचललेला स्वप्नाचा चेहरा. नाव 'सपना' असं छापलेलं.

"हितं काय काय संशोधन व्हईल म्हणायचं?" तात्यासाहेबांनी तिला विचारलं.

ती काही बोलायच्या आत सर म्हणाले, "सगळंच. शेतीला, आरोग्याला, संरक्षणाला."

"लई भारी," तात्यासाहेब म्हणाले. "भाषणात शेतीचं तेवढं ठासून सांगा. नॅनो म्हणलं की लोकास्नी खत आठवतंय."

स्टेजवर हार, शाल, नारळ झाले. एका वक्त्यानं सांगितलं की क्वांटम हे आपल्याकडं पूर्वीपासूनच होतं, फक्त नाव वेगळं होतं. टाळ्या झाल्या. वायभट सर तासभर बोलले. स्वप्नाच्या पेपरचं नाव त्यांनी इंग्रजीत घेतलं आणि म्हणाले, की इलेक्ट्रॉनच्या गिरकीबद्दल जगात जो गोंधळ चालला होता, तो या मुलीनं कायमचा मिटवला. जुनी रीत बरोबर होती हे हिनं सिद्ध केलं. पडद्यावर ग्राफ आला. दोन रेघा एकमेकींच्या गळ्यात गळा घातलेल्या, आणि पेन्सिलीच्या खुणेपाशी ग्राफ संपलेला.

त्या ग्राफकडं बघताना स्वप्नानं शालीचा पदर तोंडाला लावला. पुढच्या रांगेतल्या बायांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

मग माईक तिच्या हातात आला. तिनं आधी ठरवलं होतं की दोन शब्द आभाराचे बोलायचे आणि बसायचं. पण तोंड उघडलं आणि निघालं वेगळंच.

"हा ग्राफ अर्धा आहे," ती म्हणाली.

तिनं पडद्याकडं बोट केलं.

"उजवीकडचा भाग कापलाय. त्या भागात दोन्ही रेघा जुळत नाहीत. जुनी रीत उलटं उत्तर देते. आम्ही काही सिद्ध केलेलं नाही. उलट जे सापडलं ते लपवलंय. पेपरला माझं नाव आहे आणि मीसुद्धा त्याला होकार दिलाय. मला हा सत्कार घेता येत नाही."

तिनं श्वास घेतला. आता सर उठतील, ओरडतील, कुणीतरी माईक काढून घेईल, असं तिला वाटलं.

मागून कुणीतरी एक टाळी वाजवली. मग दुसरी. मग सगळा मांडव कडाडला. तात्यासाहेब मान डोलावत टाळ्या वाजवत होते. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती. वायभट सर उभे राहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवून माईकमध्ये म्हणाले, "पाहिलंत? ही खऱ्या शास्त्रज्ञाची नम्रता! एवढं मिळवूनही म्हणते, अजून काही मिळवलेलं नाही." पुन्हा टाळ्या.

पहिल्या रांगेत हरिबाही दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी.

तिनं शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवले आणि ती स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरली. मागं बुंदीच्या पातेल्यांवर माश्या घोंघावत होत्या, आचारी हातानंच चव बघत होता. तिला माश्यांचं काही वाटलं नाही. मांडवातून येणारा टाळ्यांचा आवाज मात्र कानात कुणी चिखल भरावा तसा वाटत होता. नळाखाली तोंड धरून तिनं गुळण्या केल्या. मग बापाला शोधून काढलं आणि म्हणाली, "आबा, चला."

"आगं, जेवण हाय की. आन् सायेब म्हणत व्हते गाडीनं सोडतो."

"एसटीनं जाऊ."

तेलगावला गाडी बदलली, घाट लागला. खिडकीबाहेर सीताफळीची झुडपं उन्हानं वाळून गेली होती. हरिबा पटका मांडीवर ठेवून म्हणाला, "सपने, तू काय म्हणलीस ते मला कळलं न्हाई. पण तुझा आवाज रडवा व्हता."

"मग टाळ्या कावून वाजवल्या, आबा?"

"समद्यांनी वाजवल्या. म्हणलं, चांगलंच काय तरी आसंल."

ती खिडकीकडं तोंड करून बसली. बापाचा राग येणं शक्य नव्हतं, आणि टाळ्यांची शिसारी तर जात नव्हती. शेवटी तीच वळली.

"आबा, समजा कुणी तुमचं मेंढरांचं खांड मोजायला आलं. वाडग्याच्या कुंपणात कोंडलेली तेवढी मोजली, आन् रानात चरणारी सोडली. आन् कागदावर लिवलं, हरिबाची मेंढरं इतकीच. तर?"

"आसं कसं? रानातली काय दुसऱ्याची हायत?"

"तसंच झालंय. मी रानातली पण मोजली. हिशेब उलटा आला. तर सर म्हणले, रानाचा कागद फाड."

हरिबानं मान तिच्याकडं वळवली. "आन् तू फाडला?"

"हां."

"आन् ते आज समद्यांपुढं सांगितलं?"

"हां."

"आन् आमी टाळ्या वाजवल्या," हरिबा म्हणाला. त्यानं पटका उचलून डोक्याला गुंडाळला आणि धारूर येईपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिला.

त्या आठवड्यात स्वप्नानं छापणाऱ्यांना मेल लिहिली. पुरा ग्राफ जोडला. कुणी कापला, कुणी होकार दिला, सगळं सरळ लिहिलं. कुणावर चिखल उडवला नाही, आपल्यालाही सोडलं नाही. मेल गेल्यावर त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

नंतरचे महिने मात्र असे गेले, की किळस या शब्दाला किती पदर असतात ते तिला कळलं. सरांचा फोन आला, आवाज चढलेला. "तुला मी लेकीसारखं वाढवलं! तुझ्या आजारपणात माझ्या बायकोनं डबे पोचवले, आणि तू माझ्या अन्नात माती कालवलीस." पुढं त्यांनी गाईडपण सोडत असल्याचं पत्र विभागाला दिलं. ज्या मैत्रिणींनी पेढे खाल्ले होते, त्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या. एकीनं बाथरूमच्या दारात गाठून कुजबुजत सांगितलं, "तू केलंस ते बरोबरच आहे हं," आणि कुणी बघत तर नाही ना, म्हणून मागं पाहिलं. ते मागं पाहणं स्वप्नाला सरांच्या शिव्यांहून ओंगळ वाटलं. वडवणीच्या केंद्रात सत्यम नावाचा तात्यासाहेबांचा भाचा लागला. त्याचं एमए राज्यशास्त्रात झालेलं होतं.

छापणाऱ्यांनी दुरुस्ती काढली, पण ती कशी, तर पेपरच्या शेवटी एक लहानशी चौकट. त्यात म्हटलं होतं, की पहिल्या लेखिकेच्या हिशेबातल्या अनवधानामुळं ग्राफचा काही भाग राहून गेला होता, तो आता जोडला आहे. अनवधान! तिनं तो शब्द दोनदा वाचला. सरांनीच तो शब्द सुचवला होता, हे तिला नंतर कळलं. उजवीकडचा भाग जगापुढं आला होता, एवढं खरं. पण चूक तिच्या नावावर, आणि सरांच्या जुन्या रीतीबद्दल चौकटीत एक अवाक्षर नाही.

विभागात तिला दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. शेवटी सत्यशीला मॅडमनी घेतलं. त्या निवृत्तीला टेकलेल्या, काचेच्या गुणधर्मांवर काम करणाऱ्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "तुझा विषय मला कळत नाही, आणि या वयात मी तो शिकणार नाही. मी सही करीन. तू करशील ते पुरं कर. अर्धवट काही माझ्या टेबलावर आणू नकोस." स्वप्नाला वर्षभरात ऐकलेलं हे पहिलं स्वच्छ वाक्य वाटलं.

थिसिस नव्यानं लिहायला दोन वर्षं गेली. पहिली तीन प्रकरणं तिनं टाकून दिली. कुंपणाची रीत कुठपर्यंत चालते, कुठं फसते, आणि का फसते, यावर सगळा भर दिला. पापुद्रा जितका पातळ, तितका अणूंच्या मधला वळसा जड पडतो, हे एकेका पदार्थावर तपासून दाखवलं. कुठं जुनी रीत बरोबर निघाली तिथं तसंही लिहिलं. राग होता म्हणून हिशेब वाकवला नाही. वाकवला असता तर सरांत आणि आपल्यात फरक काय उरला असता, असं तिला वाटायचं.

डिग्री मिळाली, नोकरी नाही. धारूरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायला लागली आणि वस्तीवर राहायला आली. कडूबाईनं स्थळांचा नाद जवळजवळ सोडला होता. "येकदा बघायला आलेल्या पोराला हिनं इचारलं, तुमी गुटखा खाऊन खोटं कावून बोलता," ती शेजारणींना सांगायची. "आता कोण येतंय!" पण सांगताना तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

यंदाच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. नंबर बघून स्वप्नानं तो दोनदा वाजून जाऊ दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"कशी आहेस, बाळ?" सरांचा आवाज पूर्वीसारखा मऊ झाला होता. "तुझी आठवण काढत होतो. ऐक, दिल्लीहून मोठा प्रकल्प मंजूर झालाय. विषय माहितीये का? नॅनो पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनच्या गिरकीचा पुनर्विचार. अणूंच्या मधला जो भाग आजवर सगळे सोडत होते, तोच आता जगभर गाजतोय. आपण फार आधी ओळखलं होतं ते."

स्वप्ना अंगणात उभी होती. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आपण?"

"अगं, ती दिशा तूच तर दाखवली होतीस. मी अर्जात तुझं नाव घातलंय. माणूस पाहिजे मला, तुझ्यासारखा तयार. जुनं काय ते सोड. शास्त्रात मतं बदलतात, यात लाजण्यासारखं काय आहे?"

"मतं बदलतात, सर," ती म्हणाली. "तुमचं बदललं नव्हतं. त्या दिवशी केबिनमध्ये तुम्हाला कळलं होतं. मी तुमचा चेहरा पाहिला होता."

पलीकडून हसू आलं. मोकळं, मनापासूनचं हसू. "तुझा स्वभाव काही बदलला नाही. विचार कर, उद्या सांग."

"त्या प्रकल्पातून माझं नाव काढा. नाही काढलं तर दिल्लीला मीच लिहीन. मला लिहिता येतं, तुम्हाला ठाऊक आहे."

हसू थांबलं. फोन कट झाला.

सरांच्या शिव्या तिनं पचवल्या होत्या, अनवधान हा शब्दही पचवला होता. पण या माणसाला लाज वाटलीच नाही, ना कापताना, ना आता जोडताना, हे तिच्याच्यानं गिळवेना. आपण काही वाईट केलं याची त्याला पुसटही जाणीव नव्हती, आणि त्याच्या लेखी तो आजही तिचं भलंच करत होता.

ओट्यावर हरिबा मेंढीची लोकर साफ करत बसला होता. त्यानं विचारलं, "कोण व्हतं?"

"वायभट सर. माझी रीत आता खरी म्हणतायत. मोठं काम मिळालंय त्यांना त्याच्यावर. मला बोलवत व्हते."

हरिबाचा चेहरा उजळला. "मग झालं की! शेवटी पटलं त्याला. उशिरा का व्हईना, मानूस सुदरला."

"पटलं न्हाई, आबा. परवडायला लागलं."

हरिबाला ते एकदम उमगलं नाही. तो लोकर पिंजता पिंजता थांबला, तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

"तू जाणार न्हाईस?"

"न्हाई."

"बरं," हरिबा म्हणाला, आणि लोकरीतला एक गोखरूचा काटा काढून त्यानं अंगणात टाकला.

स्वप्ना घरात गेली. सकाळपासून गेलेली लाईट आली होती. संगणकानं मध्येच सोडलेला हिशेब तिला पहिल्यापासून लावावा लागणार होता. ओरिसातल्या एका मुलीनं, जिला ती कधी भेटली नव्हती, स्वप्नाच्या थिसिसमधलं एक गणित वेगळ्या मार्गानं करून बघितलं होतं आणि तिचं उत्तर थोडं निराळं येत होतं. तिनं आपलं सगळं काम, आकड्यांसकट, पाठवून दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दोघींपैकी एकीचं चुकतंय, बहुतेक माझंच, पण बघाल का?' स्वप्नानं खुर्ची ओढली आणि आधी स्वतःचं तपासायला घेतलं.